वसईच्या दरवाज्यावरील क्रूस आणि पोर्तुगालचा 'ख्रिस्त-संघ': हे नेमके काय होते?

प्रश्न | शिलावाचक

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात वसईच्या किल्ल्यात दोन दिवस निवांत फिरण्याचा योग आला. आतल्या बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेले आहे, हे अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या सोबतीला दोन खुणा आहेत. एक कड्यांनी बांधलेला आकाशगोल, आणि दुसरी म्हणजे चारही बाहू सारख्या लांबीचे आणि टोकांशी रुंद होत गेलेले असा क्रूस. माझ्यासोबत असलेल्या स्नेह्यांचे म्हणणे असे की हा टेम्प्लर नाइटांचा क्रूस आहे आणि वसईत त्या योद्ध्या संन्याशांचे ठाणे होते. मला हे पटले नाही, कारण टेम्प्लरांचा शेवट चौदाव्या शतकाच्या आरंभी झाला आणि वसई पोर्तुगीजांकडे आली ती १५३४ च्या तहाने. मध्ये सव्वादोनशे वर्षांचे अंतर आहे.

घरी येऊन वाचन केल्यावर 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' हे नाव मिळाले, परंतु त्याने गोंधळ वाढलाच. एके ठिकाणी तो भिक्षूंचा मठ म्हटला आहे, दुसरीकडे सरदारांची लष्करी संघटना, तर तिसरीकडे आजही पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष देतात असे एक पदक. एकाच नावाच्या या तीन वस्तू एकच कशा असू शकतात? राजेशाही गेल्यावर राजाचा संघ कसा टिकला? आणि आपल्या कोकणाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध होता, की केवळ दगडावर कोरण्यापुरता होता? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर १ | दप्तरखाना

आपल्या स्नेह्यांचे म्हणणे चूक असले तरी निराधार नाही, म्हणून आरंभ टेम्प्लरांपासूनच करावा लागेल.

पोर्तुगालच्या मध्यभागी तोमार नावाचे गाव आहे. तेथील डोंगरावर टेम्प्लरांचे पोर्तुगालमधील प्रमुख ग्वाल्दिम पाइश यांनी ११६० साली किल्ला बांधावयास घेतला. दक्षिणेकडील मुस्लिम राजवटींशी चाललेल्या युद्धात हा संघ राजाच्या उपयोगी पडला आणि त्या बदल्यात त्याला जमिनी, गावे आणि किल्ले मिळत गेले. पुढे फ्रान्सच्या राजाने १३०७ मध्ये आपल्या राज्यातील टेम्प्लरांना एकाच दिवशी कैद केले आणि १३१२ मध्ये पोपने संपूर्ण संघच विसर्जित केला. त्याची मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या संघाकडे जावी अशी पोपची सर्वसाधारण आज्ञा होती. पोर्तुगालचा राजा दिनिश याला ती मान्य नव्हती, कारण आपल्या राज्यातील एवढी जमीन आणि इतके किल्ले एका परकीय नेतृत्वाच्या संघाच्या हाती जावेत हे त्याला धोक्याचे वाटले. त्याने काही वर्षे वाटाघाटी चालवल्या आणि १४ मार्च १३१९ रोजी पोप बाविसावा जॉन याच्याकडून नव्या संघाची सनद मिळवली. हाच ख्रिस्त-संघ, म्हणजे आपल्याला आढळलेला 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट'. टेम्प्लरांची पोर्तुगालमधील मालमत्ता त्याला मिळाली आणि त्यांच्यातील काही माणसेही त्यात आली. संघाचा पहिला मुख्य, म्हणजे मेस्त्र, मात्र टेम्प्लर नव्हता. तो आविश या दुसऱ्या पोर्तुगीज संघातून आणला गेला. आरंभी ठाणे दक्षिण किनाऱ्यावरच्या कास्त्रु मारीं येथे होते आणि १३५७ च्या सुमारास ते तोमारला, म्हणजे टेम्प्लरांच्याच जुन्या घरी, हलले. क्रूसही जुनाच राहिला, फक्त तांबड्या क्रूसाच्या आत एक बारीक पांढरा क्रूस आला. आपण दगडावर पाहिला तो या वंशातला आहे. दगडात रंग दिसत नाही, त्यामुळे टेम्प्लरांचा भास होणे स्वाभाविक आहे.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळतो. मठ, फौज आणि पदक ही एकाच संघाची तीन वये आहेत, असे समजले की गोंधळ सुटतो.

पहिल्या वयात संघाचे लोक खरोखर व्रतस्थ होते. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन, सिस्टर्शियन या कॅथलिक मठपरंपरेतल्या नियमाखाली राहणारे ते योद्धे होते. परंतु ज्यांच्याशी लढावयाचे ते शत्रू पोर्तुगालच्या भूमीवर उरलेच नव्हते. तेथील दक्षिणेचा विजय तेराव्या शतकाच्या मध्यातच पूर्ण झाला होता. उत्पन्न मोठे आणि काम थोडे, अशा संस्थेवर राजाची दृष्टी जाणारच. १४२० मध्ये राजपुत्र हेन्री, ज्याला आपण 'नाविक हेन्री' म्हणून ओळखतो, तो संघाचा प्रशासक झाला. त्याने व्रते घेऊन मेस्त्रपद स्वीकारले नाही, तर केवळ कारभार घेतला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण तेव्हापासून संघाचे प्रमुखपद राजघराण्यातच फिरत राहिले. आफ्रिकेच्या किनाऱ्याने चाललेल्या मोहिमांना हेन्रीच्या हाती असलेल्या या संघाची प्रतिष्ठा आणि साधने मिळाली आणि मोबदल्यात संघाला नव्या प्रदेशांवरील हक्क मिळाले. १४५६ च्या पोपच्या आज्ञापत्राने आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पुढे थेट 'इंडीज'पर्यंत जे जे सापडेल त्या सर्व प्रदेशांवरील धार्मिक अधिकार या संघाकडे दिला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या बेचाळीस वर्षे आधी, हिंदुस्थानातील अजून न बांधलेली चर्चे तोमारच्या मठाधिकाऱ्याच्या नावे लागली होती. मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

दुसरे वय मॅन्युएलपासून धरावे. त्याच्या थोरल्या भावाला १४८४ मध्ये राजा दुसरा जॉन याने स्वतः ठार केले आणि त्यानंतर संघाचा कारभार मॅन्युएलकडे आला. १४९५ मध्ये तोच राजा झाला. अशा रीतीने मुकुट आणि संघ एका हाती आले. पुढील वर्षी पोपने ख्रिस्त-संघ आणि आविश-संघ यांच्या नाइटांना विवाहाची मुभा दिली. व्रत सैल झाल्यावर संघ उमरावांसाठी खुला झाला आणि राजाच्या हाती बक्षिसांचे एक मोठे भांडार आले. तिसरा जॉन याने १५२९ मध्ये तोमारच्या मठवासी शाखेला पुन्हा कडक नियमाखाली आणले, तेव्हा मठात राहणारे भिक्षू आणि बाहेर राहणारे नाइट यांचे मार्ग कायमचे वेगळे झाले. १५५१ मध्ये पोपने ख्रिस्त, आविश आणि सांतियागु या तीनही संघांचे प्रमुखपद कायमचे पोर्तुगालच्या मुकुटाला जोडले. 'राजाचा संघ' हे शब्द कायद्याने खरे झाले ते तेव्हा.

या दुसऱ्या वयाचे मर्म 'कोमेंदा' या शब्दात आहे. कोमेंदा म्हणजे संघाच्या मालकीचे एखादे गाव, चर्च किंवा जमीन यांचे उत्पन्न, जे एखाद्या नाइटाला सेवेच्या मोबदल्यात लावून दिले जाई. मराठी वाचकाला हे समजावयास अडचण पडू नये, कारण आपला सरंजाम याच्या फार जवळचा आहे. सरंजाम हाही तत्त्वतः चाकरीसाठी दिलेला महसूल, वतनासारखी वडिलोपार्जित मालकी नव्हे. पण व्यवहारात बापाचा सरंजाम मुलाकडे चालू राही आणि काढून घेणे धन्यालाही जड जाई. कोमेंदांचेही तसेच झाले. फरक असा की कोमेंदेवर धर्मसंघाचे वस्त्र चढलेले होते. संघात प्रवेश मिळणे याला पोर्तुगीजमध्ये 'हाबितु' म्हणजे वस्त्र मिळणे असेच म्हणत, आणि आपल्याकडे पेशवाईची वस्त्रे मिळाली असे म्हणत, त्याची येथे आठवण होते. थोड्या भाग्यवंतांना वस्त्रासोबत कोमेंदा मिळे. बहुसंख्यांना वस्त्र आणि एक लहानसे वर्षासन यांवर समाधान मानावे लागे.

म्हणून वसईच्या दरवाज्यावरील क्रूसाचा अर्थ 'येथे संघाचे योद्धे राहत होते' असा नाही. राजा हाच संघाचा प्रमुख असल्यामुळे त्याच्या ढालीशेजारी संघाचा क्रूस कोरला जाई. आकाशगोल हे मॅन्युएलचे व्यक्तिगत चिन्ह होते आणि पुढे ते राज्याचेच झाले. ढाल, गोल आणि क्रूस ही त्रयी म्हणजे राजमुद्राच समजावी. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कने तेथे नाणी पाडली, त्यांवरही एका अंगाला हा क्रूस आणि दुसऱ्या अंगाला गोल होता.

उत्तर २ | मांडवीकाठ

दप्तरखाना यांचे उत्तर वाचून समाधान झाले. एका गोष्टीवर मात्र थोडा भर द्यावासा वाटतो, कारण आमच्या गोव्यात सर्रास असे समजले जाते की येथे आलेला प्रत्येक पोर्तुगीज सरदार ख्रिस्त-संघाचाच होता. तसे मुळीच नव्हते.

खुद्द अल्बुकर्क सांतियागु संघाचा होता. त्या संघाची खूण म्हणजे तलवारीच्या आकाराचा तांबडा क्रूस. डिसेंबर १५१५ मध्ये होर्मुझहून परतताना, गोवा दृष्टीस पडत असताना तो जहाजावर वारला, आणि अंत्यसमयी त्याच्या अंगावर सांतियागुचेच वस्त्र होते. वास्को द गामाही मूळचा त्याच संघाचा. सीनेश हे त्याचे जन्मगाव सांतियागु संघाच्या मालकीचे होते. पहिल्या सफरीचे बक्षीस म्हणून राजाने त्याला ते गाव देऊ केले, परंतु संघाने आपला हक्क सोडला नाही. अखेर गामालाच सीनेश सोडावे लागले, आणि १५०७ मध्ये तो सांतियागु सोडून ख्रिस्त-संघात गेला. हिंदुस्थानचा समुद्रमार्ग उघडणाऱ्या माणसाला स्वतःचे गाव मिळू शकले नाही, यावरून या संघांच्या मालकीहक्कांपुढे राजाचा शब्दही कसा अडत असे ते दिसते. अर्थात हे १५५१ पूर्वीचे आहे.

कोकणाशी प्रत्यक्ष संबंध कोणता, या प्रश्नाचे उत्तर मला चर्चच्या कारभारात दिसते. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे आला तेव्हा येथील चर्च कोणत्या बिशपच्या अधिकारात होते? कोणत्याच नव्हे. १४५६ च्या आज्ञापत्रानुसार ते तोमारच्या अधिकाराखाली होते. १५१४ मध्ये मदैरा बेटावर फुंशाल येथे बिशपपीठ स्थापन झाले आणि तोमारचा हा अधिकार तिकडे गेला. म्हणजे पुढील वीस वर्षे मांडवीच्या काठावरच्या चर्चचा वरिष्ठ अधिकारी अटलांटिक महासागरातल्या एका बेटावर होता! १५३४ मध्ये गोव्याला स्वतःचे बिशपपीठ मिळाले आणि पुढे १५५७ मध्ये ते आर्चबिशपपीठ झाले. बिशप कोण असावा हे सुचवण्याचा, चर्चे बांधण्याचा आणि धर्मगुरू पोसण्याचा जो हक्क व जबाबदारी पोर्तुगीज राजाकडे होती, तिला आपण 'पाद्रुआदु' म्हणतो. तिची मुळे ख्रिस्त-संघाला मिळालेल्या त्या सनदांत आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या कॅथलिक वस्त्यांत पाद्रुआदु आणि रोमने थेट नेमलेले अधिकारी यांच्यात जो दीर्घ झगडा चालला, एकेका चर्चमध्ये दोन तट पडले, त्याचा धागा मागे मागे नेला तर तो तोमारच्या डोंगरावर जाऊन पोहोचतो.

वसईविषयी एक दक्षता घ्यावी. तेथील गावे पोर्तुगीज कुटुंबांना दिली जात ती ख्रिस्त-संघाच्या कोमेंदा म्हणून नव्हेत. ती मुकुटाची गावे होती आणि ठरावीक सारा व सैनिकी चाकरीच्या अटीवर, बहुधा तीन पिढ्यांसाठी, भोगवट्याला दिली जात. ही दोन्ही दाने वेगळ्या कायद्याखाली होती, आणि ती एकमेकांत मिसळली की वसईच्या महसुलाचा हिशेब लागत नाही.

शिलावाचक

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. दरवाज्यावरचा क्रूस म्हणजे राजमुद्रेचाच भाग, हे कळल्याने मोठा उलगडा झाला. आता पुढची शंका. या संघात प्रवेश कोणाला मिळे? येथील एखाद्या स्थानिक माणसाला, धर्मांतर केल्यावर का होईना, हे वस्त्र मिळू शकत होते का? आणि शेवटाचा प्रश्न अजून राहिला आहे: १९१० मध्ये राजा गेला, मग संघ कसा राहिला?

उत्तर ३ | जुनासज्जा

प्रवेशाचा विषय माझ्या विशेष आवडीचा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

लिस्बनमध्ये १५३२ साली राजाला धर्म आणि न्याय यांविषयी सल्ला देण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले होते. संघ मुकुटाकडे आल्यावर त्यांचाही कारभार या मंडळाकडे आला. हिंदुस्थानात दहा-पंधरा वर्षे चाकरी केलेला शिपाई किंवा सरदार परत जाताना आपल्या कप्तानांकडून लढायांचे दाखले घेऊन जाई आणि त्यांच्या आधारे राजाकडे अर्ज करी. राजाने वस्त्र मंजूर केले तरी काम संपत नसे, कारण मग मंडळ चौकशी लावी. अर्जदाराच्या आईवडिलांच्या आणि आजोबा-आजींच्या गावी माणूस जाऊन वृद्ध साक्षीदारांचे जबाब घेई. दोन गोष्टी पाहिल्या जात. पहिली 'रक्ताची शुद्धता', म्हणजे पूर्वजांत कोणी ज्यू किंवा मुसलमान नव्हता ना. १५७० मध्ये पोपच्या आज्ञापत्राने ही अट पक्की झाली होती. दुसरी म्हणजे बाप-आजाने हातांनी करावयाचा धंदा केला नव्हता ना. चांभार, शिंपी, सुतार यांच्या नातवाला हा 'दोष' आडवा येई. मात्र या दुसऱ्या दोषाला राजाची माफी तुलनेने सुलभ होती, बहुधा काही दंड भरून. पहिल्याला ती क्वचितच मिळे. रणांगणावर रक्त सांडलेल्या माणसाला त्याच्या आजोबाच्या व्यवसायावरून अडवणारी ही पद्धत वाचताना मला फार अस्वस्थ वाटते, आणि आपल्या समाजात वाढलेल्या कोणालाही ती अपरिचित वाटणार नाही. जुने आणि नवे (म्हणजे धर्मांतरितांच्या वंशातले) ख्रिस्ती हा भेद कायद्याने रद्द झाला तो १७७३ मध्ये, मंत्री पोंबाल याच्या काळात.

तरीही राजकारणाची गरज पडली की ही दारे उघडत. याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्याशीच जोडलेले आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोंबासाच्या सुलतानाचा १६१४ मध्ये खून झाला, आणि त्याचा लहान मुलगा युसुफ याला पोर्तुगीजांनी गोव्यात आणले. ऑगस्टिनियन भिक्षूंनी त्याला वाढवले, बाप्तिस्मा देऊन दों जेरोनिमु हे नाव ठेवले. तो पोर्तुगीजांच्या आरमारात लढला आणि त्याला ख्रिस्त-संघाचे वस्त्र मिळाले. रक्तशुद्धीच्या नियमाने ज्याला दारातच थांबवावयास हवे होते, त्या मुस्लिम राजपुत्राला ते मिळाले, कारण मोंबासाच्या गादीवर आपला माणूस हवा होता. पुढे तो त्या गादीवर बसला, आणि १६३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने बंड करून तेथला पोर्तुगीज किल्ला फोर्ट जीझस घेतला, कप्तानाला ठार केले आणि पुन्हा इस्लाम स्वीकारला. आफ्रिकेच्या पश्चिम बाजूला काँगोच्या ख्रिस्ती राजांनी तर आपल्या सरदारांना हे वस्त्र स्वतःच देण्यास सुरुवात केली होती. ब्राझीलमध्ये डच लोकांविरुद्ध लढलेल्या पोतिग्वार जमातीच्या फिलिप कामारांव यालाही ते मिळाले.

येथे आणखी एक भेद सांगणे आवश्यक आहे. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगीज राजाने व्हायकाउंट ही पदवी दिली, हे महाराष्ट्र-गोव्यात सर्वज्ञात आहे, आणि ते घराणे हिंदूच राहिले. परंतु ती उमरावकीची पदवी होय. उमरावकी आणि संघाचे वस्त्र या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही.

आता तिसरे वय. राणी पहिली मारिया हिने १७८९ मध्ये तीनही संघांची पुनर्रचना केली आणि त्यांना उघडपणे राज्यसेवेच्या सन्मानांचे रूप दिले. तेव्हापासून पायऱ्या, पट्टे आणि तारे यांना महत्त्व आले. तोमारचा मठ अजून चालू होता. दोन भावांमधील यादवी युद्धात उदारमतवादी पक्ष विजयी झाल्यावर ३० मे १८३४ च्या हुकुमाने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बंद झाले. मठाची आणि संघाची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि तिचा मोठा भाग विकला गेला. मठाचा काही भाग आणि जमीन कोश्ता काब्राल या राजकारण्याने घेतली, जो पुढे तोमारचा काउंट झाला. व्रत १४९६ पासून सैल झाले होते, उत्पन्न १८३४ मध्ये गेले, आणि उरला तो फक्त मान. ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताक आले आणि त्याच महिन्यात 'मनोरा आणि तलवार' हा एक संघ वगळता राजेशाहीचे सर्व सन्मान-संघ रद्द झाले. परंतु पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल उतरल्यावर सैनिक आणि अधिकारी यांना सन्मानित करण्यासाठी काहीतरी हवे होते, आणि १९१८ मध्ये ख्रिस्त-संघ राष्ट्रीय सन्मान म्हणून पुन्हा उभा राहिला, यावेळी प्रमुखपदी राष्ट्राध्यक्ष. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर ती नवी संस्था आहे. नाव, क्रूस आणि तांबडी फीत जुनी आहे.

ब्राझीलनेही स्वतंत्र झाल्यावर आपला वेगळा ख्रिस्त-संघ ठेवला होता, आणि तो तेथील राजेशाहीसोबत संपला. व्हॅटिकनमध्येही या नावाचा एक संघ होता, कारण १३१९ च्या सनदेने आपल्यालाही नाइट नेमण्याचा हक्क आहे असे पोपांचे म्हणणे होते. त्याचे शेवटचे हयात नाइट बेल्जियमचे राजे बोदुआँ १९९३ मध्ये निवर्तले.

शिलावाचक, आपण पुन्हा वसईला गेलात तर दरवाज्यासमोर सकाळच्या तिरप्या उन्हात उभे राहून क्रूसाच्या बाहूंच्या आतील बाजू पाहा. पांढऱ्या क्रूसाची आतली रेघ दाखवण्यासाठी कारागिराने तेथे बारीक खाच ठेवली आहे का, की केवळ बाह्य आकृती कोरली आहे, हे जवळून घेतलेल्या छायाचित्रात दिसू शकेल. असे छायाचित्र मिळाले तर कृपया येथे लावावे. गोव्यातील नाण्यांवरच्या क्रूसाशी ते ताडून पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे.